कमी असणे आणि कमी असल्याचे लपवणे

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. उत्तर देण्यापूर्वी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तो लगेच तुमच्या लक्षात येईल. आकाशनिरीक्षणाची आवड असणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात तुम्ही दीड वर्षापासून आहात. तुमचे शिक्षण शाळेपर्यंतच झाले आहे. गटातील बहुतेक जण मात्र उच्चशिक्षित आहेत, त्यांच्याकडे मोठ्या दुर्बिणी आणि कॅमेरे आहेत, आणि तुमच्याकडे एक जुनी द्विनेत्री आहे. चर्चेतले निम्मे शब्द कळत नाहीत, तरी तुम्ही ‘हो, बरोबर’ असे लिहून वेळ मारून नेता. निरीक्षण शिबिराचे शुल्क परवडणारे नव्हते, तेव्हा तिन्ही वेळा तुम्ही कामाचे कारण पुढे केले. मध्यंतरी एका सदस्याने तुम्हाला अभियंता समजून काही विचारले आणि तुम्ही ती समजूत तशीच राहू दिली. आता तुम्ही विचारता की, माझ्यातच काही खोट आहे का, हे सारे गटाला सांगून टाकावे का, की सरळ गट सोडावा.

या तीन प्रश्नांच्या आधी तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिले आहे. प्रत्येक संदेश पाठवण्यापूर्वी तुम्ही तो चार-पाच वेळा वाचता, कुठे पितळ उघडे पडेल या धास्तीने. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न या वाक्यात आहे. शिक्षण कमी असणे किंवा ऐपत बेताची असणे ही परिस्थिती आहे. ती कधी सलते, कधी दिवसच्या दिवस तिची आठवणही होत नाही. पण ती कोणाला कळू नये म्हणून पहारा देणे हे रोजचे काम आहे. तुम्ही ते दीड वर्ष न थकता केले, आणि आता जो थकवा जाणवतो आहे तो बहुतांशी या कामाचा आहे. मी गेली बावीस वर्षे समुपदेशन करते. ‘मी इतरांपेक्षा कमी आहे’ असे म्हणत माझ्याकडे आलेल्या माणसांपैकी अनेकांच्या बाबतीत तफावत खरी होती, परंतु त्यांना मोडीत काढत होते ते तफावत झाकण्याचे श्रम.

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये हा फरक फार नेमकेपणाने मांडला होता. ज्याचे उणेपण सर्वांना दिसते किंवा ठाऊक असते, त्याला लोकांसमोर आल्यावर निर्माण होणारा अवघडलेपणा सांभाळावा लागतो. ज्याचे उणेपण अजून कोणाला ठाऊक नाही, पण कळू शकेल, त्याला माहितीच सांभाळावी लागते: कोणाला काय सांगितले, काय सांगितले नाही, काय खोटे सांगितले, आणि कोणासमोर. प्रत्यक्ष भेटीगाठीत कपडे, बोली, राहण्याची जागा यांवरून बरेच काही आपोआप उघड होते आणि माणूस इच्छा असो वा नसो, पहिल्या प्रकारात जातो. केवळ लिहून होणाऱ्या ओळखीत यातले काहीच दिसत नाही, म्हणून तिथे लपवणे सोपे असते. सोपे असते म्हणूनच ते सुरू होते, आणि एकदा सुरू झाले की थांबवण्याची सोयीची वेळ काही येत नाही. तुम्हाला अभियंता समजणाऱ्या सदस्याला त्याच दिवशी ‘नाही हो, मी अभियंता नाही’ एवढेच लिहायचे होते. आज तेच लिहायचे तर सोबत आठ महिन्यांचा खुलासाही द्यावा लागेल असे तुम्हाला वाटते. तो द्यावा लागत नाही, पण त्याकडे नंतर येते.

आधी काही गोष्टी मान्य करायला हव्यात, कारण माझे सगळे उत्तर त्यांवर अवलंबून आहे. पहिली गोष्ट म्हणजे गट कसा आहे. अज्ञान दाखवणाऱ्याची खिल्ली उडवणारे गट असतात, आणि अशा ठिकाणी मोकळेपणाचा सल्ला देणे म्हणजे माणसाला उन्हात उभे करून आपण सावलीतून बोलण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट, या गटावर तुमची उपजीविका अवलंबून आहे का. तुमच्या बाबतीत तसे दिसत नाही, पण जिथे काम मिळणे किंवा टिकणे लोकांच्या मतावर ठरते, तिथे काय उघड करावे याचा हिशेब वेगळा असतो आणि तिथे गप्प राहण्यात गैर काही नाही. तिसरी गोष्ट अशी की, ही भावना फक्त या गटापुरती आहे की नातेवाइकांत, कामाच्या ठिकाणी, एकटे असतानाही ती तुमची पाठ सोडत नाही. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, आणि असे कित्येक आठवडे चालले असेल, तर तो एखाद्या गटाचा प्रश्न राहत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष भेटून तज्ज्ञांशी बोलावे, लेखी उत्तरावर विसंबू नये. तुमच्या लिखाणात मला तशी खूण दिसली नाही. उलट रात्री गच्चीवर एकटे असताना तुम्हाला बरे वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणून पुढचे लिहिते.

‘कमी’ हा शब्द तुम्ही एकाच दमात तीन गोष्टींसाठी वापरला आहे, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय हाती काही लागत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी सांस्कृतिक भांडवलाची तीन रूपे सांगितली होती. एक वस्तूंचे, म्हणजे पुस्तके, उपकरणे, साधने. दुसरे प्रमाणपत्रांचे, म्हणजे पदव्या. तिसरे अंगी मुरलेले, म्हणजे बोलण्याची ढब, कुठल्याही विषयावर बिनधास्त मत देण्याची सवय, ‘मला यातले ठाऊक नाही’ हेदेखील ऐटीत म्हणण्याची हातोटी. पहिले पैशाने येते, दुसरे वर्षे घालवून मिळवता येते, पण तिसरे लहानपणापासून घरात आणि भोवतालात नकळत मिळत जाते. म्हणून ज्यांच्याकडे ते असते त्यांना ते भांडवल वाटतच नाही, आपला स्वभाव वाटतो, आणि ज्यांच्याकडे नसते त्यांना ती आपली वैयक्तिक उणीव वाटते.

तुमचा प्रश्न पुन्हा वाचून पाहा. दुर्बिणीबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली आहे, पदवीबद्दल दोन. मात्र ‘ते किती सहज बोलतात’ या गोष्टीवर तुमचा अख्खा परिच्छेद आहे. तुम्हाला खुपते आहे ती बहुधा ही सहजता. हे ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण यावर लोक चुकीचा उपाय करतात. सहजतेची उणीव पदवीने भरून निघेल असे वाटून एखादा अभ्यासक्रम सुरू करतात, किंवा न परवडणारे साधन हप्त्यांवर घेतात, आणि ते हाती आल्यावरही गटात लिहिताना हात तसाच अडखळतो. १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांच्या अनुभवांवर आधारित एक निबंध लिहिला. त्या स्त्रियांकडे पदव्या होत्या, मानमरातब होता, तरीही आपण इतरांना फसवून इथे पोहोचलो आहोत आणि एक दिवस हे उघड होणार, ही भीती त्यांना सोडत नव्हती. पदवी हा या भीतीवरचा उतारा असता, तर तो निबंध लिहिण्याची वेळच आली नसती.

आता तफावत आहे त्याहून मोठी का दिसते, याबद्दल. ती मुळातच भ्रम आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे मोठी दुर्बीण आहे त्यांच्याकडे ती खरोखरच आहे. परंतु तुम्ही स्वतःची तुलना गटाशी करत नसून गटातल्या बोलणाऱ्यांशी करत आहात. ऑनलाइन गटांच्या वापराचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ठोकताळा मांडला होता: शंभरातले सुमारे नव्वद जण केवळ वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात, आणि बहुतेक मजकूर एखादाच जण लिहितो. आकडे गटागणिक बदलतात, पण कल हाच असतो. सतत कोण लिहितो? ज्याला विषय चांगला येतो, ज्याला नवे साधन मिळाले आहे, ज्याच्याकडे सवड आहे. तुमच्यासारखी द्विनेत्री घेऊन बसलेला माणूस छायाचित्र कशाचे टाकणार? म्हणजे तुमच्या बरोबरीचे लोक त्या गटात आहेत, पण ते तुमच्याइतकेच गप्प आहेत, आणि तुम्ही जसे त्यांना दिसत नाही तसे तेही तुम्हाला दिसत नाहीत.

मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडले होते की, मोजायला बाहेरचे माप नसले की माणूस स्वतःला इतरांशी ताडून पाहतो, आणि शक्यतो आपल्यासारख्यांशी. आकाशनिरीक्षणात ‘मला किती येते’ याचे ठरलेले माप नाही, त्यामुळे नजर इतरांकडे जाणारच, तो तुमचा दोष नव्हे. अडचण एवढीच की, दिसणाऱ्यांत ‘आपल्यासारखे’ कोणी नाही. पैशाच्या बाबतीत तर हे आणखी विचित्र असते. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या पाहणीत, जी सॅम्युअल स्टाउफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केली, असे आढळले की ज्या हवाई दलात बढत्या भराभर मिळत होत्या तिथले सैनिक बढतीच्या पद्धतीबद्दल अधिक नाराज होते, आणि लष्करी पोलिसांत, जिथे बढती क्वचितच मिळे, तिथे नाराजी कमी होती. आजूबाजूला बढती मिळालेले जितके जास्त, तितके आपले मागे राहणे जास्त बोचते. तुम्ही या गटात येण्यापूर्वीही तुमची मिळकत एवढीच होती आणि तीच द्विनेत्री तुम्हाला तेव्हा अपुरी वाटत नव्हती.

यावर कोणी म्हणेल की, मग हे सारे मनाचेच खेळ आहेत, सोडून द्या. तसे म्हणता येत नाही. नॅन्सी अॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना दहा पायऱ्यांच्या शिडीचे चित्र दाखवले होते. सर्वांत वर पैसा, शिक्षण आणि काम या बाबतींत सर्वांत सुस्थितीतले, सर्वांत खाली सर्वांत बिकट परिस्थितीतले, आणि विचारले की तुम्ही कोणत्या पायरीवर आहात. प्रत्यक्ष मिळकत आणि शिक्षण यांच्यापेक्षा माणसाने स्वतःला कोणत्या पायरीवर ठेवले, याचा संबंध त्याच्या मनःस्थितीशी आणि आरोग्याशी निगडित अनेक बाबींशी अधिक सातत्याने दिसला. स्वतःला खालच्या पायरीवर पाहणे हे अंगावर येते. म्हणूनच तुम्ही विचारलेला प्रश्न क्षुल्लक नाही, आणि तुमच्यात खोटही नाही.

आता न कळणाऱ्या शब्दांकडे वळते. डेल मिलर आणि कॅथी मॅकफारलंड यांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या लहान गटांना मुद्दाम क्लिष्ट लिहिलेला मजकूर वाचायला दिला आणि काही समजले नाही तर येऊन विचारण्याची मुभा दिली. विचारायला कोणीच गेले नाही. स्वतः का गेलो नाही, तर संकोच वाटला म्हणून. पण इतर का गेले नाहीत, तर त्यांना समजले असेल म्हणून, असा प्रत्येकाचा समज. तुमच्या गटात ‘कोलिमेशन’ (दुर्बिणीतील आरशांची जुळणी) हा शब्द आला, तुम्ही ‘बरोबर’ लिहिलेत, आणि ते वाचून आणखी एखाद्याला नक्की वाटले असणार की यांनाही कळले, कळले नाही ते फक्त मलाच. त्या गप्प बसण्यात तुम्हीही सामील आहात. हे दोष देण्यासाठी सांगत नाही, पण तुम्ही स्वतःला केवळ प्रेक्षक समजत असाल तर ते तितके खरे नाही.

आणि जाणकार मंडळी समजावून का सांगत नाहीत, याचे कारण बहुतेक वेळा गर्व हे नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये काही जणांना परिचित गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितले आणि समोरच्यांना ते गाणे ओळखायला सांगितले. वाजवणाऱ्यांना वाटत होते की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल सुरू असते, ऐकणाऱ्याला मात्र फक्त टकटक ऐकू येते. जाणकार लिहितात तेव्हा त्यांच्या डोक्यात चाल सुरू असते. ‘इथे मला टकटकच ऐकू येते आहे’ असे कोणी सांगितल्याशिवाय त्यांना ते कळण्याचा मार्ग नाही.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक बाई येत असत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते आहे. पतीच्या मूत्रपिंडाच्या आजारामुळे त्या रुग्णांच्या नातेवाइकांच्या एका गटात होत्या. तिथे लोक तपासणीचे आकडे टाकत, त्यावर चर्चा करत, आणि या बाई इतरांची वाक्ये थोडी बदलून तशीच लिहीत. कोणाला संशय आला नाही. वर्षभराने त्यांनी मला विचारले, ‘क्रिएटिनिन म्हणजे काय, हे आता विचारले तर इतके दिवस काय करत होतात असे म्हणतील ना?’ रक्तातले क्रिएटिनिन स्नायूंच्या कामातून तयार होते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात, म्हणून मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तातले त्याचे प्रमाण वाढते. एवढी साधी गोष्ट, जी त्यांना सर्वांत आधी ठाऊक असणे गरजेचे होते, ती अब्रूखातर वर्षभर अडून राहिली होती. त्यांनी अखेर गटात विचारले. उत्तरे आली, आणि तिघांनी ‘बरे झाले विचारलेत’ असे कळवले. चौथ्याने मात्र एक खोचक वाक्यही लिहिले. ते त्यांना पुढे कित्येक दिवस आठवत राहिले, हेही सांगितले पाहिजे.

सगळ्यांचा शेवट असा बरा होत नाही. दुसरे एक गृहस्थ व्यावसायिकांच्या गटात होते. आपण शाळेनंतर शिकलो नाही, हे त्यांनी एकदा सहज लिहिले, आणि त्यानंतर त्यांच्या प्रत्येक मताला ‘तुमच्या अनुभवाप्रमाणे असेल’ असे मऊ शब्दांत बाजूला सारले जाऊ लागले. त्यांनी तो गट सोडला. तो निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो.

आणि माझे स्वतःचे सांगायचे तर, व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात ज्येष्ठांच्या बैठकीत एक तांत्रिक संज्ञा वारंवार येई आणि मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावत असे. दोन वर्षांनी कळले की मी समजत होते त्याच्या जवळजवळ उलटा तिचा अर्थ होता. तेव्हा मी पदवीधर होते.

तर प्रत्यक्ष काय करावे. एकदम सगळे सांगून टाकण्याचा विचार मला पसंत नाही. पहिले कारण हे की, ‘मी फक्त शाळेपर्यंत शिकलो आहे, माझ्याकडे पैसे नाहीत, मी तुम्हाला फसवत होतो’ असे मोठे निवेदन गटाला न्यायासनावर बसवते आणि तुम्हाला आरोपी करते, जेव्हा खटला मुळी कोणी दाखल केलेलाच नसतो. दुसरे असे की, अशा निवेदनानंतर दोन दिवस सर्व जण धीर देतात, तिसऱ्या दिवसापासून तुमच्याशी जरा जपून बोलू लागतात, आणि हे जपून बोलणे थट्टेपेक्षाही सहन करायला कठीण जाते. तुम्हाला हवे आहे ते सहज बोलणे, आणि सहज बोलणे लहान लहान वाक्यांनीच सुरू होते.

म्हणून सुरुवात प्रश्नापासून करावी, आणि प्रश्न नेमका असावा. ‘मला काही कळत नाही’ याला कोणी काय उत्तर देणार? ‘आरशांची जुळणी बिघडली आहे हे ताऱ्याच्या प्रतिमेवरून कसे ओळखायचे?’ याला उत्तर देता येते. प्रश्नाच्या आधी क्षमायाचना जोडू नये. ‘माझा प्रश्न अगदीच बाळबोध आहे, हसू नका’ असे लिहिले की वाचणाऱ्याचे लक्ष विषयावरून तुमच्यावर जाते आणि आधी तुमची समजूत घालण्याचे काम त्याच्या गळ्यात पडते. विचारल्याने आपण अडाणी दिसू ही भीती बव्हंशी अनाठायी असते. अॅलिसन वुड ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१५ मधील अभ्यासात, काम अवघड असताना सल्ला मागणारा माणूस इतरांना कमी नव्हे, अधिक कर्तबगार वाटला. ज्याला विचारले जाते त्याला आपले जाणकारपण ओळखले गेल्याचे समाधान मिळते, हे त्यामागचे एक कारण, आणि ते कोणत्याही गटात पाहायला मिळते.

अभियंत्याची गोष्ट दुरुस्त करण्यासाठी वेगळा खुलासा नको. ज्यांनी विचारले होते त्यांना खासगी संदेशात लिहा: ‘त्या वेळी तुम्ही मला अभियंता समजून विचारले होते, मी अभियंता नाही, तेव्हाच सांगायचे राहून गेले.’ इतकेच. राहून का गेले, याचे कारण द्यायची गरज नाही, आणि समोरचा ते सहसा विचारत नाही. बहुधा त्याला तो प्रसंग आठवणारही नाही. आठ महिने तुम्ही ज्या गोष्टीभोवती जपून वावरलात ती दुसऱ्याच्या लक्षातही नव्हती, हे कळल्यावर आधी थोडा राग येतो, मग हलके वाटते.

शिबिराच्या बाबतीत ‘या वेळी शुल्क माझ्या आवाक्यात नाही, पण शहराबाहेर एखादी बिनखर्चाची रात्र ठरली तर मला नक्की कळवा’ हे वाक्य पुरेसे आहे. त्यात कैफियत नाही आणि मदतीची मागणीही नाही. या वाक्यानंतर कदाचित कोणी तुमचे शुल्क भरण्याची तयारी दाखवेल. ती स्वीकारायची की नाही हे आधीच ठरवून ठेवा, कारण ऐनवेळी भिडेपोटी दिलेला होकार नंतर बोचतो. मी स्वतः अशा ठिकाणी आभार मानून नकार देण्याच्या बाजूची आहे, निदान ओळख पक्की होईपर्यंत. काही सहकाऱ्यांचे मत याच्या उलट आहे आणि त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे.

पहिल्या प्रश्नाला उत्तर आले नाही तर? असे होऊ शकते, आणि खरी परीक्षा तिथेच असते. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना सुमारे तासाभराच्या एका सत्रात ज्येष्ठांचे अनुभव वाचायला दिले होते. आशय एवढाच, की आपण इथले नाही असे सुरुवातीला बहुतेकांना वाटते आणि काळाबरोबर ते ओसरते. ज्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना हे सांगितले गेले त्यांचे गुण पुढील तीन वर्षांत सुधारले. त्या सत्रात त्यांना अभ्यासातले काहीही शिकवले नव्हते. बदलला होता तो रोजच्या लहानसहान प्रसंगांना ते लावत असलेला अर्थ. उत्तर आले नाही याचा अर्थ ‘मी इथला नाही’ असा लावता येतो, किंवा ‘संदेश गर्दीत वाहून गेला’ असाही लावता येतो. दोन-तीन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा, थोडा लहान करून विचारावा. तीन वेगळ्या प्रश्नांना मौन किंवा कुचेष्टाच मिळाली, तर मग पहिला अर्थ खरा मानायला हरकत नाही.

एक गोष्ट तुमच्या छंदाबद्दल. मिल्टन ह्युमेसन यांनी चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडली, अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेच्या उभारणीचे सामान वाहून नेणारी खेचरे हाकली, मग तिथेच झाडलोट करणारे म्हणून काम केले, आणि १९१९ मध्ये वेधशाळेच्या वैज्ञानिक कर्मचारीवर्गात त्यांची नेमणूक झाली. पुढे दूरच्या दीर्घिकांच्या वेगाची मोजमापे त्यांनी खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांच्याबरोबर केली. अशी उदाहरणे मी समुपदेशनात जपून वापरते, कारण असामान्य माणसाची गोष्ट ऐकून धीर येण्याऐवजी तुलनेसाठी आणखी एक उंची तयार होते. ह्युमेसन होण्याची गरज नाही. मात्र तुमच्या छंदात एक सोय आहे जी बऱ्याच छंदांत नसते. तेजस्विता बदलणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी ठेवणारी एक आंतरराष्ट्रीय संघटना १९११ पासून हौशी निरीक्षकांच्या नोंदी स्वीकारते, आणि त्यांतल्या कित्येक नुसत्या डोळ्यांनी किंवा द्विनेत्रीने घेतलेल्या असतात. मृगातील काक्षी हा तारा २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत कमालीचा मंदावला, तेव्हा ते साध्या डोळ्यांना दिसत होते. या कामात मोठ्या दुर्बिणीपेक्षा रोज रात्री न चुकता बाहेर जाणारा माणूस हवा असतो, आणि तुमच्या लिखाणावरून तसे तुम्ही जाता. एखादाच तारा धरा, महिनाभर नोंद ठेवा, आणि ती गटात टाका. इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी हे सांगत नाही. बोलायला स्वतःचे काही हाती असले की दुसऱ्याची वाक्ये उसनी घ्यावी लागत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग.

उरला गट सोडण्याचा प्रश्न. आत्ता सोडू नये, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण गट चांगला आहे हे नव्हे. तो कसा आहे हे मला ठाऊक नाही, तुम्हालाही अजून नाही. दीड वर्षात गटाने पाहिला तो जपून लिहिणारा, सर्व समजल्याचा आव आणणारा माणूस, आणि त्याच्याशी गट नीट वागला. तुमच्याशी तो कसा वागतो हे अजून तपासले गेलेले नाही. दोन-तीन महिने वर सांगितल्याप्रमाणे लिहून पाहा. त्यानंतरही प्रत्येक संदेश चार-पाच वेळा वाचावा लागत असेल, तर कोणतेही कारण न देता बाहेर पडा. जाण्यापूर्वी मात्र तुमच्यासारखेच गप्प असणारे एक-दोन जण शोधून त्यांना खासगीत विचारा, एखाद्या रात्री एकत्र आकाश पाहायचे का म्हणून.